एकशे एकोणपन्नास मीटर

माझ्या दिराला शहरभर फूटपट्टी म्हणतात. तोंडावर म्हणतात आणि तो ओ देतो.

मी लग्न होऊन आले तेव्हा मी सतरा वर्षांची आणि तो नऊचा. सासूबाईंचा हुकूम होता, धाकट्या दिराला ‘अहो भावोजी’च म्हणायचं. स्वतःचं नाक पुसता येत नव्हतं त्या भावोजींना. “अहो भावोजी, चड्डीची नाडी बांधा,” असं म्हणत म्हणत मी त्याला वाढवला. सासूबाई दोन वर्षांत गेल्या, हुकूम मात्र राहिला. तोंडाने आजही अहोजाहो करते. कागदावर करणार नाही. कागदाला सासू नसते.

विसाव्या वर्षी तो जमीन मोजणीच्या कचेरीत लागला, साखळी ओढायला. साहेब झाडाखाली उभे राहून आकडे लिहिणार आणि हा लोखंडी साखळीचं टोक धरून काट्याकुट्यांतून, गटारातून जाणार. अडतीस वर्षं हेच. बढती एकदाही नाही. एका बड्या माणसाच्या बंगल्याची हद्द मोजताना साखळी नेमकी त्यांच्या स्वयंपाकघरातून जात होती. बाईसाहेब किंचाळल्या. साहेब घाबरून म्हणाले, “अरे, जरा वळसा घाल.” हा म्हणाला, “मी घालतो वळसा. साखळी कशी घालेल?” आणि खिडकीतून आत गेला. ओट्याच्या बरोब्बर मधून सरकारी हद्द निघाली. त्यानंतर कचेरीने याला त्या साखळीसारखाच कोपऱ्यात टाकून गंजत ठेवला.

लग्न केलं नाही. म्हणजे आम्ही करायला निघालो होतो. मुलीचे वडील म्हणाले, “घर अगदी सोयीचं आहे, स्टेशनपासून पाच मिनिटं.” हा चालत गेला होता, घड्याळ लावून. “अकरा,” म्हणाला. वडील हसून म्हणाले, “हो, तेच ते.” परत येताना मला म्हणतो, “वहिनी, पाचाचे अकरा झाले तरी ज्यांना तेच वाटतं, त्यांनी मुलीचं वय काय सांगितलं असेल?” संपला विषय. मी महिनाभर त्याच्याशी धड बोलले नाही. मुलगी छान होती हो.

निवृत्त झाल्यावर पुढच्या खोलीत सायकली दुरुस्त करायला लागला. मग कुठून तरी कळलं की पळण्याच्या शर्यतींचे रस्ते मोजायला माणसं लागतात आणि मोजतात ते सायकलवरून. एकसष्टाव्या वर्षी दोन दिवसांचा वर्ग करून, परीक्षा देऊन, शिक्का घेऊन आला. सायकलच्या पुढच्या चाकाला एक आकडे फिरवणारं यंत्र बसवतात. आधी पोलादी टेपने सरळ रस्त्याचा एक तुकडा मोजायचा, त्यावर सायकल चारदा चालवायची म्हणजे चाकाचा हिशेब पक्का होतो. मग शर्यतीचा सगळा रस्ता, वळणावळणाला आतल्या कडेला धरून, पळणारा जिथून जवळात जवळ जाईल तिथून चालवायचा. टायर तापलं की फुगतं, म्हणून सकाळी एकदा आणि उन्हात एकदा पुन्हा पहिला तुकडा. एवढं करूनही शेवटी हजारामागे एक मीटर वर टाकायचा. का, तर चूक झालीच तर पळणाऱ्याच्या पदरात कमी पडू नये. दाणे मोजून देणारा भला माणूस मापावर आणखी एक मूठ टाकतो, तसं. हे ऐकलं तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, या माणसाला त्याच्या जोगं काम मिळालं, पण साठी उलटल्यावर.

आता त्यांच्याबद्दल, ज्यांना हे काम कळलं नाही.

आमच्या शहरात पाहण्यासारखं काही नाही. सत्तावन्न वर्षं राहतेय, माहीत आहे मला. एक नदी आहे, तिच्याकडे पाठ करून सगळ्यांनी घरं बांधलीत. एक घड्याळाचा मनोरा आहे, तो वेळ सोडून सगळं दाखवतो. लोक चांगले आहेत, पण लोक बघायला तिकीट काढून कोण येतं? तरी जुन्या दूध डेअरीच्या इमारतीला काचेचं दार लागलं आणि आत पर्यटन कार्यालय आलं. त्यात एक साहेब बसले. मी त्यांना उत्सवसाहेब म्हणते. कडक इस्त्री, टोकदार बूट, आणि बोलताना दोन्ही हातांनी हवेत चौकट करायची सवय, जसं काही आपण सगळे त्यांच्या फोटोत उभे आहोत. त्यांनी शहराला एक घोषवाक्य दिलं, ‘एकदा याच!’ मी म्हटलं, बरोबर आहे. दुसऱ्यांदा कोणी येणार नाही, हे त्यांनी आधीच कबूल केलं.

पहिल्या वर्षी सिनेमावाले आणले. बाजाराचा रस्ता चार दिवस बंद, भिंती निळ्या रंगवल्या. सिनेमात आमचा बाजार परदेशातलं बंदर म्हणून दाखवला. नायिका पळते तिथे शिंप्याची पाटी दिसू नये म्हणून तिच्यावर चादर टाकली होती. कार्यालयाने पत्रक काढलं, ‘आपलं शहर रुपेरी पडद्यावर झळकलं!’ झळकली ती चादर. दुसऱ्या वर्षी मोठा गायक आणला. तो धुरातून वर आला आणि शेजारच्या शहराचं नाव घेऊन ओरडला, “कसे आहात?” आमची माणसं दोन्ही हात वर करून ओरडली, “मजेत!” उत्सवसाहेब पहिल्या रांगेत उभे राहून टाळ्या वाजवत होते.

तिसऱ्या वर्षी मॅरेथॉन. म्हणजे अर्धी, एकवीस किलोमीटर आणि वर थोडं. या वेळी मात्र आमच्या घरात जरा गडबड झाली, कारण माझी धाकटी नात पळते.

ही पोर दातांच्या डॉक्टरांकडे काम करते, लोकांना नाव विचारून बाकावर बसवायचं. त्याआधी सकाळी पंधरा-पंधरा किलोमीटर पळून येते. तिला राष्ट्रीय संघाच्या शिबिरात जायचं होतं. नियम असा की मान्य रस्त्यावर एक तास पंचवीस मिनिटांच्या आत पळालेली वेळ हवी, आणि मुदत त्याच महिन्याच्या अखेरीपर्यंत. त्या महिन्यात आसपास दुसरी शर्यत नव्हती. म्हणजे हीच. तीन वर्षं त्या पंचवीस मिनिटांच्या मागे होती ती. मागच्या खेपेला सव्वीस झाली होती, तर आठ दिवस नीट जेवली नाही.

रस्ता मोजायला अर्थातच फूटपट्टी. दोन दिवस सायकलवर होता. परतीच्या वळणाच्या जागी त्याने रस्त्यात खिळा ठोकला, त्याखाली चकती, भोवती पिवळा रंग. त्याचा नकाशा काढून कार्यालयात दिला. उत्सवसाहेबांनी नकाशा हवेत चौकटीत धरला आणि म्हणाले, “वा! कलात्मक आहे.”

शर्यतीच्या दिवशी मी शेवटच्या रेषेपाशी खुर्ची टाकून बसले होते. ढोल, फुगे, ते आकाशात घोंघावणारं कॅमेऱ्याचं यंत्र, सगळं होतं. पोर आली तेव्हा चेहरा चुन्यासारखा पांढरा. घड्याळात एक तास, चोवीस मिनिटं, चाळीस सेकंद. माझा मुलगा, तिचा बाप, एवढा मोठा माणूस, कठड्यावर चढून रडत होता. पोरीने माझ्या मांडीवर डोकं ठेवलं आणि नुसतं “झालं, आजी,” म्हणाली. तिचा घाम माझ्या लुगड्याला लागला, तो मी दुसऱ्या दिवशीही धुतला नाही.

फूटपट्टी मात्र तिथे नव्हता. शर्यत संपल्यावर मोजणाऱ्याने लिहून द्यायचं असतं की रस्ता मापल्याप्रमाणेच पळला गेला. त्या सहीशिवाय कोणाचीच वेळ धरत नाहीत. म्हणून तो सही करण्याआधी वळणाचा खिळा बघायला गेला होता. दुसरा कोणी असता तर केक खात बसला असता.

तर तिथे खिळा नाही. खिळ्यावर सरबताचा ठेला. हा सहासष्ट वर्षांचा माणूस ठेल्याखाली रांगत गेला आणि खिळा हाताने चाचपून बाहेर आला. मग ज्याला वळसा घालून पळणारे परत फिरतात, तो वळणाचा शंकू शोधला. तो अलीकडे होता. तिथे कार्यालयाने शहराच्या नावाची माणसापेक्षा उंच लाल अक्षरं उभी केली होती आणि शेजारी गाण्याचं व्यासपीठ. शंकू त्यांच्या बरोबर समोर. सरबतवाल्याच्या हातात टेपचं टोक देऊन याने मोजलं. पंच्याऐंशी मीटर.

दुपारी घरी आला, हात धुतले आणि म्हणाला, “वहिनी, रस्ता कमी पडला.”

“किती?”

“एकशे सत्तर. वर टाकलेले एकवीस धरले तरी एकशे एकोणपन्नास.”

मी आतलं दार हलकेच लोटून घेतलं. पोर आत झोपली होती.

संध्याकाळी उत्सवसाहेब स्वतः आले. फुलांचा गुच्छ, केकचा डबा, हातात फॉर्म. बूट काढायला बराच वेळ लागला, टोकदार होते ना.

“काका, हे काय ऐकतोय? अहो, आपली शर्यत या भागातली सगळ्यात वेगवान ठरलीये. उद्या छापून येतंय!”

“शंकू हलवला कोणी?”

“हलवला म्हणजे, जरासा अलीकडे घेतला. वरून शॉट घेताना अक्षरं आणि धावपटू एका चौकटीत बसत नव्हते.” हातांनी चौकट करून दाखवली. “पंच्याऐंशी मीटर फक्त.”

“एकशे सत्तर.”

“नाही नाही, आमच्या मुलांनी मोजलंय. पंच्याऐंशीच.”

मीच म्हटलं, “साहेब, माणूस तिथे जातो आणि परतही येतो ना? की तुमच्या अक्षरांपाशी मुक्काम करतो?”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं. मनात बेरीज करत होते बिचारे. शाळेची चौथी पायरी मी ओलांडली नाही, पण विहिरीवर गेलेली बाई परत येते एवढं मला कळतं. या माणसाला तीन खोल्यांचं कार्यालय दिलंय आणि त्याला जाणं आणि येणं वेगळं असतं हे माहीत नाही. कुंडी इकडची तिकडे करावी तसा त्याने शंकू उचलला. वर्षानुवर्षं घाम गाळणारी आठशे माणसं त्या कुंडीला वळसा घालून आली.

पण खोटं कशाला सांगू. तुच्छ वाटायला मला त्या दिवशी आणखी एक माणूस सापडला, तो घरातलाच. कारण साहेब पुढे म्हणाले, “आजी, तुमची नात पात्र ठरतेय. या एका सहीवर. तुम्ही सांगा ना काकांना,” आणि माझ्या मनाने केकचा डबा उघडलासुद्धा.

साहेब फॉर्म टेबलावर ठेवून गेले. मग जेवताना माझा मुलगा सुरू झाला.

“काका, कोणाचं काय बिघडतंय? कोणी पुन्हा मोजायला येणार आहे का?”

“नाही येणार.”

“मग?”

“मी मोजलंय ना.”

“तुमची नात आहे ती, काका! अंगाखांद्यावर खेळवलीत तिला.”

“खेळवली. म्हणून काय खिळा सरकला?”

मुलगा ताटावरून उठून बाहेर निघून गेला. जाताना म्हणाला, “अडतीस वर्षं साखळी ओढलीत, अजून गळ्यातून निघाली नाही.” लागण्यासारखंच बोलला. फूटपट्टीने त्याचं उरलेलं ताट झाकून ठेवलं.

मग आम्ही दोघंच. मी म्हटलं, “भावोजी, आयुष्यभर सगळं नेमकं केलंत. काय मिळालं? एक जागा तुम्ही पोरीला देऊ शकता. एकशे एकोणपन्नास मीटर म्हणजे काय हो, इथून किराणावाल्यापर्यंत.”

“किराणावाला एकशे बारा,” तो म्हणाला. मग खिशातून पेन काढलं, टोपण काढलं आणि पेन माझ्यापुढे ठेवलं नाही, स्वतःच्या हातात धरलं. “वहिनी, आई लवकर गेली. तुम्हीच वाढवलंत. तुम्ही म्हणालात तर करतो सही. दुसरं कोणी म्हटलं तर करणार नाही. म्हणा.”

काय माणूस आहे! अडतीस वर्षांत कचेरीच्या साहेबांचं ऐकलं नाही आणि ओझं आणून टाकलं ते माझ्या डोक्यावर. मला त्याचा मनस्वी राग आला. तो पेन धरून बसला होता. हाताच्या बोटांना सायकलच्या साखळीचं वंगण होतं, ते कितीही घासलं तरी जात नाही. ‘करा’ एवढा एक शब्द होता. दोन अक्षरं. मी ओठ उघडलेसुद्धा.

“नका करू,” म्हणाले.

का म्हणाले, विचारू नका. पुण्यवान आहे म्हणून नाही. सही करून तो उठला असता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चाकाला तेच यंत्र लावून बसला असता, ते मला बघवलं नसतं, एवढंच. त्याच्याकडे दुसरं काही नाही हो. बायको नाही, घर नाही, बढती नाही. एवढं एकच आहे त्याच्याकडे, आणि तेही मीच मागून घ्यायचं?

मागे दाराचा आवाज झाला. पोर उभी होती. कधीपासून, कोण जाणे. पण ‘नका करू’ तिने ऐकलं होतं.

“धाकटे आजोबा,” ती म्हणाली, “किती कमी होतं?”

त्याने सांगितलं. तिने तिथेच फोनवर हिशेब केला. छत्तीस सेकंद. चोवीस-चाळीसचे पंचवीस-सोळा झाले. सोळा सेकंद. जांभई द्यायलाही त्यातले निम्मे लागतात. तिने फोन खिशात टाकला आणि आत गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

फूटपट्टीने फॉर्मवर सही केली नाही, खाली लिहिलं, ‘वळण मापल्या जागी नव्हते. अंतर कमी.’ आणि अक्षर वळणदार काढलं. वेळा धरल्या गेल्या नाहीत. महिना संपला, शिबिराची यादी लागली, त्यात ती नव्हती.

पोर माझ्याशी बोलायची बंद झाली. त्याच्याशी बोलत होती! त्याच्या खोलीत जाऊन सायकलीची चाकं फिरवत बसायची. “आजोबांनी मोजलं, ते मोजणारच,” असं बापाला म्हणताना मी ऐकलं. “पण आजी ‘करा’ म्हणू शकत होती.” न्याय बघा. खिळा त्याचा, शंकू साहेबांचा, आणि गुन्हेगार मी. आणि ती म्हणत होती ते खरं होतं. मी म्हणू शकत होते. सकाळी ती पळून आली की मी दूध पुढे ठेवायची, ती प्यायची, पेला विसळून ठेवायची. अकरा दिवस.

दरम्यान उत्सवसाहेबांचं काहीच अडलं नव्हतं. कार्यालयाला सही लागते ती पळणाऱ्यांसाठी, जाहिरातीला नाही लागत. चौकात भला मोठा फलक लागला, ‘या भागातली सगळ्यात वेगवान शर्यत. एकदा याच!’ वर आमच्या पोरीचा फोटो, लाल अक्षरांपुढे वळताना. तिला न विचारता. माझा मुलगा म्हणाला दगड मारतो. मी म्हटलं, नको, दगड आपल्या पोरीच्याच तोंडावर बसायचा.

बाराव्या दिवशी सकाळी साहेब पुन्हा दारात. या वेळी बूट काढलेच नाहीत, घाईत होते. पोर नुकतीच पळून आलेली, पायरीवर बसून लेस सोडत होती. मी आत भाजी चिरत होते, खिडकीतून सगळं ऐकू येत होतं.

“बेटा, आनंदाची बातमी. रविवारी पर्यटन सोहळा आहे, तुला आपण ‘शहराची वेगवान कन्या’ म्हणून गौरवतोय. व्यासपीठावर, फेटा, सॅश, सगळं. बाहेरून पाहुणे येणारेत. नंतर गाणी.”

“शिबिराचं काय झालं, माहितीये ना तुम्हाला?”

“हो, ते तांत्रिक. त्याचा याच्याशी काय संबंध? लोकांना कुठे माहितीये?”

पोर लेस सोडता सोडता थांबली. “येते,” म्हणाली. माझ्या हातातली सुरी थांबली. “येते मी. फक्त माझे एकशे एकोणपन्नास मीटर आणून द्या.”

साहेब हसले. मग ती हसत नाही असं पाहून थांबले. “म्हणजे, कुठून आणू?”

“जिथे नेऊन ठेवलेत तिथून.”

साहेब तसेच उभे राहिले. हात वर गेले, चौकट करायला, पण चौकटीत काय घ्यावं ते सुचेना. पायरीवर एक घामाघूम पोरगी, मागे सायकलीची फुटकी चाकं, खिडकीत सुरी धरलेली म्हातारी. “विचार कर, बेटा,” म्हणाले आणि गाडीकडे गेले. गाडीवर ‘एकदा याच’ लिहिलं होतं. दोनदा येऊन गेले होते.

पोर आत आली. बूट दारामागे ठेवले, माझ्या हातातली सुरी काढून घेतली आणि उरलेली भाजी स्वतः चिरायला लागली. जाड जाड, शिजणार नाहीत अशा फोडी.

“आजी,” म्हणाली, “पुढच्या मार्चमध्ये एक शर्यत आहे. खताच्या कारखान्यामागच्या रस्त्यावर. गाणी नाहीत, फुगे नाहीत, काही नाही. बघायला कुत्रंसुद्धा येत नाही म्हणतात.”

“मी येईन,” म्हटलं.

“तू खुर्ची घेऊन येशील आणि बडबड करशील.”

“करीन की.”

“ये मग,” ती म्हणाली, आणि मी तिला न कळता जाड फोडी पुन्हा बारीक करायला घेतल्या.